कॉर्कमधले बारा आठवडे आणि एक हर्ले

कॉर्कला उतरल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी सकाळी नातवाला मैदानावर पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले. २०२४ च्या एप्रिल महिन्यात मी लेकीकडे आयर्लंडला गेले होते, व्हिसा नव्वद दिवसांचा होता, आणि लेक-जावई दोघेही नोकरी करणारे असल्यामुळे आठ वर्षांच्या नातवाला कुठेतरी नेणे-आणणे हाच माझा मुख्य उद्योग राहणार, हे मी धरूनच चालले होते. मैदानाच्या कडेला उभी असताना पिवळा, शिवणीचा एक लहानसा चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. मी वाकून तो हाताने उचलला, तेवढ्यात नातू लांबूनच ओरडला, "आजी, हाताने नाही उचलायचा!" मी रेषेबाहेर होते, त्यामुळे नियमाचा काही प्रश्न नव्हता, पण बत्तीस वर्षे सांगलीत शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवलेल्या बाईला भर मैदानात कोणी नियम सांगितल्याचा तो पहिलाच प्रसंग असल्यामुळे मी चेंडू मुकाट्याने खाली ठेवला.

तो चेंडू म्हणजे स्लिटर, तो मारायची काठी म्हणजे हर्ले, आणि खेळ हर्लिंग. हर्ले ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्यापासून, अगदी मुळाजवळच्या भागातून कापतात, म्हणजे लाकडाचे तंतू काठीच्या टोकाला असलेल्या वळणाबरोबरच वळलेले राहतात आणि ती फटक्याला सहज मोडत नाही. टोकाच्या रुंद, चपट्या भागाला बॉस म्हणतात आणि तो फाटू नये म्हणून त्याला पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. अलीकडे ॲशच्या झाडांवर बुरशीचा रोग पडला असल्याने लाकूड मिळणे अवघड झाले आहे आणि बांबूच्या हर्लेही दुकानांत दिसू लागल्या आहेत, परंतु मैदानावर उभे असलेले आजोबा लोक त्या हातात घेऊन, वजन करून, काही न बोलता परत ठेवतात, असे मी दोनदा पाहिले.

हाताने चेंडू का उचलायचा नाही, हे मला नातवाच्या प्रशिक्षकापेक्षा विटी-दांडूने लवकर समजावले. जमिनीवरचा स्लिटर हर्लेच्या टोकाने कोलून किंवा मागे ओढून वर उडवायचा, तो हातात झेलायचा, आणि मग पुन्हा हवेत सोडून टोला हाणायचा. तो हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही, मात्र हर्लेच्या टोकावर तोलत वाटेल तितके धावता येते. गल्लीतली विटी कोलून हवेतच टोला मारण्याची ज्यांना सवय होती, त्यांना यातला पहिला भाग नवा नाही. फरक एवढाच की आमच्या विटीवर कोणी धावून येत नसे, आणि येथे समोरून तशीच काठी उगारलेला दुसरा मनुष्य त्याच चेंडूसाठी येत असतो. म्हणूनच जाळीचे हेल्मेट सक्तीचे आहे. तो नियम मोठ्यांनाही लागू होऊन फार वर्षे झालेली नाहीत. २०१० पर्यंत उघड्या डोक्याने खेळणारे मोठे खेळाडू होते, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

शाळेतल्या नोकरीमुळे असेल, पण त्या शनिवारी माझे लक्ष खेळापेक्षा व्यवस्थेकडे अधिक गेले. साठेक मुले होती, प्रत्येक गटाला दोन-तीन प्रौढ होते, आणि त्यांपैकी एकालाही त्याबद्दल छदाम मिळत नव्हता. बारा वर्षांखालच्या मुलांचे सामने होतात, पण त्यांत प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे आणि कोण जिंकले याचा गाजावाजा करायचा नाही, असे संघटनेचे धोरणच आहे. आमच्याकडे सातवीच्या मुलींची निवड चाचणी घेऊन मी स्वतः कित्येकींना "तू पुढच्या वर्षी ये" असे सांगितलेले आहे आणि त्यांतल्या बहुतेक जणी पुढच्या वर्षी आल्या नाहीत. त्या मैदानावर उभी असताना त्यांतली दोन-तीन नावे मला आठवली.

यानंतर सामना पाहण्याचे ठरले. मन्स्टर प्रांतातले पाच संघ म्हणजे कॉर्क, क्लेअर, लिमरिक, टिपररी आणि वॉटरफर्ड उन्हाळ्याच्या तोंडावर एकमेकांशी खेळतात. त्या वर्षी कॉर्क पहिले दोन्ही सामने हरले होते, त्यामुळे ११ मे रोजी लिमरिककडून हरल्यास त्यांचा हंगाम मे महिन्यातच संपणार होता. लिमरिक म्हणजे लागोपाठ चार वर्षे देशाचे विजेते. तिकिटे आगाऊच काढावी लागतात आणि ती फोनवर येतात. आम्हाला गोलामागच्या पायऱ्यांवरची, म्हणजे उभे राहून पाहायची मिळाली. "आई, दीड-दोन तास उभी राहशील ना?" असे लेकीने विचारले. वार्षिक क्रीडा महोत्सवात मी दिवसाचे आठ तास उन्हात उभी राहत असे, याची तिला आठवण करून द्यावी लागली.

आम्ही कॉर्कच्या बॅलिनकॉलिग उपनगरातून २२० क्रमांकाच्या बसने शहरात आलो आणि तेथून ली नदीच्या काठाने चालत निघालो. मैदानाचे नाव वाचायला अवघड आणि म्हणायला सोपे आहे: पार्क ई क्वीव. १९२९ पासून पस्तीस वर्षे गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे, म्हणजे जीएएचे, सरचिटणीस असलेल्या पॉड्रिग ओ क्वीव यांचे ते नाव. १९७६ मध्ये बांधलेले हे मैदान २०१७ मध्ये जवळजवळ नव्याने उभे राहिले, त्यात ४५,००० लोक मावतात, आणि मी गेले त्याच वर्षाच्या सुरुवातीला प्रायोजक दुकानसाखळीचे नाव त्याला देण्याची कल्पना निघाल्यावर एवढा आरडाओरडा झाला की शेवटी दुकानाचे नाव पुढे लागले खरे, पण मूळ नाव मागे तसेच शाबूत राहिले. नदीकाठच्या मरिना नावाच्या रस्त्यावर झाडांच्या सावलीतून सगळे शहर लाल सदरे घालून एका दिशेने चालले होते. कॉर्कचा रंग लाल-पांढरा असल्यामुळे ज्या कोणत्या देशाच्या झेंड्यात हे दोन रंग असतील तो झेंडा येथे चालतो; मी कॅनडाचा पाहिला आणि जपानचाही.

मला सर्वांत नवल वाटले ते लोकांच्या बसण्या-उभे राहण्याचे. दोन्ही बाजूंच्या समर्थकांसाठी वेगळ्या जागा नाहीत, मध्ये कुंपण नाही, पोलिसांची साखळी नाही. माझ्या उजव्या हाताला सत्तरीचे एक गृहस्थ लिमरिकचा हिरवा सदरा घालून उभे होते आणि त्यांच्या पलीकडे लाल सदऱ्यातले एक अख्खे कुटुंब. मी भारतातून आले, त्यातही महाराष्ट्रातून, हे कळताच त्यांनी लिओ वराडकरांचे नाव घेतले. वराडकर महिनाभरापूर्वीच पंतप्रधानपदावरून पायउतार झाले होते. त्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातले वराड, आणि आमच्या सांगलीपासून ते काही फार लांब नाही, असे मी सांगितल्यावर त्या गृहस्थांनी मला जवळजवळ वराडकरांच्या नातेवाइकाचा दर्जा दिला. मग सत्तर मिनिटे त्यांनी मला सामना समजावून सांगितला, आपल्या संघाला शिव्या देण्यातून मधूनमधून वेळ काढून.

गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर एक गुण. खांबांशी पांढऱ्या कोटातले दोन पंच उभे असतात. गोल झाला की हिरवा झेंडा वर जातो, एक गुण झाला की पांढरा. गोलामागेच असल्यामुळे हे पंच मला अगदी जवळून दिसत होते. चेंडू डोक्यावरून जातो तेव्हा तो खांबाच्या आतून गेला की बाहेरून, हे ठरवण्यासाठी ते मान मागे टाकून खांबाला चिकटतात आणि मग खाटिकाच्या सराईत शांतपणाने झेंडा उचलतात. धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहिलेले असतात, त्यामुळे कोण पुढे आहे हे कळायला दर वेळी तिनाच्या पाढ्याची गरज लागते. लहानपणी आम्ही वकट, लेंड, मूंड करत विटी मोजायचो, तेही बाहेरच्या माणसाला असेच कोडे वाटत असणार.

सामन्याचे वर्णन करणे मला जमणार नाही, कारण पहिली वीस मिनिटे मला चेंडू दिसलाच नाही. मैदान १३० मीटरहून अधिक लांब, चेंडू मुठीत मावणारा आणि क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही हलका, आणि सत्तर-ऐंशी मीटरवरून मारलेला तो फटका खांबांमधून जातो, तेव्हा लोक ओरडले यावरूनच मला समजे. ठोक्याचा आवाज मात्र स्पष्ट येत असे, काठीवर काठी आदळल्याचा कोरडा आणि चेंडूवर बसल्याचा भरीव, आणि अर्ध्या तासानंतर मी डोळ्यांपेक्षा कानांनीच सामना पाहू लागले. अखेरच्या मिनिटांत कॉर्कला पेनल्टी मिळाली. चेंडूमागे पॅट्रिक हॉर्गन उभा राहिला, जो २००८ पासून कॉर्ककडून खेळत होता, म्हणजे कॉर्कने देशाचा चषक शेवटचा जिंकला त्याच्या तीन वर्षांनंतर आला होता आणि तोवर त्याच्या वाट्याला तो चषक आला नव्हता. चाळीस हजार लोक गप्प झाले. त्याने चेंडू उडवला, मारला, हिरवा झेंडा वर गेला, आणि कॉर्क ३-२८ विरुद्ध ३-२५ असे, म्हणजे सदतीस विरुद्ध चौतीसने जिंकले. लिमरिकच्या त्या गृहस्थांनी टोपी काढली, माझ्याशी हस्तांदोलन केले आणि जणू पेनल्टी मीच मारली असावी अशा आवाजात माझे अभिनंदन केले. मैदानात उतरलेल्या लोकांमध्ये खेळाडू दिसेनासे झाले.

सोमवारी त्या खेळाडूंपैकी बहुतेक जण कामावर गेले असतील, ही गोष्ट मला घरी परतताना जावयाने सांगितली आणि माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. १८८४ मध्ये थर्ल्स गावच्या एका हॉटेलात जीएए स्थापन झाली तेव्हापासून हा खेळ हौशीच आहे. चाळीस हजारांसमोर खेळणाऱ्यालाही प्रवासखर्च वगैरे मिळतो, मानधन नाही. संघ विकत घेता येत नाही, कारण माणूस साधारणपणे आपल्या गावच्या क्लबाकडून आणि आपल्या काउंटीकडूनच, म्हणजे जिल्ह्याकडूनच, खेळतो. हे सारे मला फार भावले, पण शिक्षिका म्हणून एक शंका मनात राहिलीच: आठवड्यातून चार-पाच वेळा व्यावसायिकांसारखा सराव करायचा, तिकिटाच्या पैशांतून मैदाने उभी राहायची, आणि गुडघा गेला तर नोकरी सांभाळून तो बरा करायचा, यात खेळाडूवर जरा जास्तच भार पडत नाही का? जावई म्हणाला की येथेही हा वाद सतत चालू असतो.

पाहणे एवढ्यावर थांबले असते, परंतु मैदानाच्या कडेला माझ्याबरोबर उभ्या राहणाऱ्या एका आईने गुरुवारी संध्याकाळी मला महिलांच्या फुटबॉलला बोलावले. गेलिक फुटबॉल हा हर्लिंगचाच भाऊ. खांब तेच, गुणही तेव्हा तसेच होते, फक्त काठीऐवजी हात-पाय आणि मोठा चेंडू. महिलांच्या गेलिक फुटबॉल संघटनेने 'गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स' नावाचा उपक्रम चालवला आहे, ज्यात कधीच न खेळलेल्या किंवा मुले झाल्यावर खेळ सोडलेल्या बायका स्पर्धेविना खेळतात. मी एकसष्ट वर्षांची आहे असे मी सांगितले. "तुम्ही 'अदर्स'मध्ये याल," असे ती म्हणाली.

आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागली, कारण दुखापतीची भरपाई त्या नोंदणीशी जोडलेली असते आणि तिच्याविना कोणाला मैदानावर उतरू देत नाहीत. नंतर दातांचे कवच आणावे लागले. ते गरम पाण्यात मऊ करून दातांनी चावायचे म्हणजे आपल्या जबड्याचा ठसा घेते. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मी ते चावत असताना सांगलीहून ह्यांचा व्हिडिओ कॉल आला, आणि मला बोलता येत नसल्यामुळे लेकीने सारा प्रकार समजावला. हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

गुरुवारी साडेसात वाजता आम्ही अठरा जणी होतो. मे महिन्याच्या अखेरीस तेथे साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही. पहिला धडा सोलोचा: धावता धावता हातातला चेंडू पायाच्या बोटांवर टाकायचा आणि तेथून तो परत हातात उडवायचा. चार पावलांत हे किंवा चेंडूचा टप्पा, दोहोंपैकी एक करावेच लागते, आणि लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. माझा चेंडू दर वेळी नडगीवर पडे आणि पुढच्या बाईकडे पळे. दुसरी अडचण सवयीची होती. चेंडू सहकाऱ्याकडे फेकायचा नसतो, एका हातावर धरून दुसऱ्या हाताने ठोकून द्यायचा असतो. मी दहापैकी सहा वेळा तो सरळ फेकला आणि शिट्टी झाली. आयुष्यभर इतरांवर वाजवलेल्या शिट्ट्यांचे व्याज त्या एका संध्याकाळी फिटले.

एक गोष्ट मात्र मला येत होती. तिसऱ्या आठवड्यात सात-सात जणींचा सामना लावला, तेव्हा चेंडू माझ्याकडे आला आणि समोरून माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाई आडवी आली. मी उजवा खांदा टाकून हूल दिली आणि डावीकडून निघाले. चाळीस वर्षांपूर्वी सांगलीच्या लाल मातीत खो-खोच्या खुंटाजवळ शिकलेली ती हूल पायांत अजून शिल्लक आहे, याची मला स्वतःला कल्पना नव्हती. ती बाई खरोखरच उजवीकडे गेली. माझ्यापुढे मोकळे मैदान होते, म्हणून मी घाईने लाथ मारली आणि चेंडू खांबाच्या बाहेरून झुडपात गेला. तरीही दोघी-तिघींनी पाठ थोपटली, आणि पुढच्या गुरुवारी मला ती हूल शिकवायला लावली. मी माझ्या तोडक्या इंग्रजीत 'पाय खोटे बोलतात, डोळे नाही' असे काहीतरी सांगितल्याचे आठवते.

जूनच्या मध्यावर वरून येणारा चेंडू झेलताना डाव्या हाताचे मधले बोट मागे वळले. गटातल्या एका परिचारिकेने ते शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधले, बर्फ दिला आणि दोन आठवडे चेंडूला हात लावायचा नाही असे बजावले. हाड शाबूत होते, पण त्या पंधरवड्यात पोळ्या लेकीला लाटाव्या लागल्या, आणि तिने त्याबद्दल जे ऐकवले ते येथे लिहीत नाही.

त्याच पंधरवड्यातल्या एका रिकाम्या रविवारी शेजारच्या गृहस्थांनी आम्हाला रोड बाउलिंग पाहायला नेले. हा खेळ आयर्लंडमध्ये मुख्यतः कॉर्क आणि आर्मा या दोनच भागांत टिकून आहे. अठ्ठावीस औंसांचा, म्हणजे जवळजवळ आठशे ग्रॅमचा लोखंडी गोळा खुल्या ग्रामीण रस्त्यावरून फेकत जायचे, आणि दोन-तीन मैलांचे अंतर कमीत कमी फेकींत जो संपवेल तो जिंकला. गाडी आली तर थांबतात, ती गेली की पुन्हा सुरू. फेकणाऱ्याच्या पुढे एक जण रस्त्यात पाय फाकून उभा राहतो आणि गोळा कोणत्या रेषेने यावा ते दाखवतो. तसेच गवताची एक मूठ उपटून नेमक्या जागी रस्त्यावर ठेवतात. गोळा तिच्यावरून गेला की बघ्यांच्या पैजांच्या नोटा हात बदलतात. शहराबाहेर चेटविंडचा जुना रेल्वे पूल लागतो, त्याच्यावरून १९५५ साली मिक बॅरी यांनी हलका, सोळा औंसांचा गोळा पलीकडे टाकला होता, असे सांगताना आमच्या शेजाऱ्यांनी गाडी थांबवून आम्हाला खाली उतरवले आणि पुलाची उंची मान वर करून पाहायला लावली.

बोट बरे झाल्यावर हर्लेही हातात घेतली. नातवाने घरामागच्या भिंतीशी मला रोज संध्याकाळी वीस मिनिटे शिकवले आणि तो अतिशय कडक शिक्षक निघाला. कोलणे मला पहिल्या दिवशी जमले, हवेतला चेंडू झेलणे आठवड्याने, आणि पळत्या चेंडूवर टोला शेवटपर्यंत नाही. पण एक फायदा झाला. ७ जुलैला कॉर्कने देशाच्या चषकाच्या उपांत्य सामन्यात लिमरिकला पुन्हा, दोनच गुणांनी, हरवले. तो सामना आम्ही घरी टीव्हीवर पाहिला तेव्हा मला चेंडू आधी दिसत होता आणि आरडाओरडा नंतर ऐकू येत होता.

निघताना नातवाच्या आग्रहाने माझ्या मापाची एक हर्ले विकत घेतली. विमानात ती हातात नेता येत नाही, म्हणून मोठ्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये तिरकी बसवली.

२१ जुलैचा अंतिम सामना क्लेअर विरुद्ध कॉर्क असा डब्लिनच्या क्रोक पार्कवर होता. त्या दिवशी सांगलीला आमच्याकडे गुरुपौर्णिमा होती. जुन्या विद्यार्थिनी भेटून गेल्या, आणि रात्री आठ वाजता आम्ही दोघे लॅपटॉपसमोर बसलो. सत्तर मिनिटांत बरोबरी झाली, मग जादा वेळ. ह्यांना खेळ ठाऊक नव्हता, पण बँकेत कॅशियर म्हणून आयुष्य गेलेले असल्यामुळे तीनने गुणून बेरीज करणे माझ्याआधी होई. टोनी केलीने क्लेअरला एका गुणाने पुढे नेले, आणि अगदी शेवटी कॉर्कचा रॉबी ओफ्लिन बरोबरी करायला निघाला, तेव्हा मागून त्याचा सदरा ताणला गेलेला स्पष्ट दिसत होता. त्याचा फटका बाहेर गेला. "अगं, शर्ट ओढला त्याचा! पंच काय करतोय?" असे ओरडत हे खुर्चीतून उठले. शिट्टी झाली ती सामना संपल्याची. क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. "अडतीस-सदतीस," हे म्हणाले आणि खाली बसले.

नातवाने त्या रात्री फोन घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा आला. तो सकाळपासून भिंतीवर चेंडू मारतो आहे, शेजाऱ्यांची तक्रार यायच्या आत तू तरी त्याला समजाव, असे ती म्हणाली. मागून ठोक्यांचा आवाज येत होता. मी तिला विचारले, बॉसची पट्टी सैल तर झालेली नाही ना.